टोपी काढा, कोच!

रविवार, २१ सप्टेंबर २००३

आज अंगणात चार पाट्या. 'घर विकणे आहे.' कालच्या हारीनंतर कुणीतरी उजाडायच्या आत येऊन रोवून गेलं – म्हणजे, कोच, गाव सोडा. चर्चला जायच्या आधी मी गाऊनवरच त्या उपटल्या आणि गॅरेजात फेकल्या. रॉइस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. म्हणाला, "एक राहू दे, नेल. अक्षर छान आहे."

हसले मी. पण त्याचा कॉफीचा कप तसाच भरलेला होता.

चार सामने, तीन हारी. चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना केली, आणि शेवटी – "आणि आपले कोच हॅडवे." रॉइसचं नाव, आजाऱ्यांच्या यादीत! मागच्या बाकावरून कुणीतरी खणखणीत 'आमेन' म्हणालं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रेडिओवरचा डूलीचा फुटबॉलचा कार्यक्रम ऐकायचा नाही असं रोज ठरवते. चार वाजले की हात आपोआप बटणाकडे जातो. अख्ख्या हॅचर गावाचा जातो, माझा एकटीचा कुठला?

विषय काय, तर रॉइस इथे कोच झाल्यापासून चार वर्षं चाललेलाच. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात थोर कोच कोण? आधीच्या पिढीतले मोठे, नंतरच्या पिढीतले मोठे, सगळ्यांची नावं निघतात आणि गाडी शेवटी आमच्याच दारात येऊन थांबते. आज एक गृहस्थ ट्रकमधून बोलत होते. "डूली, टार्पली आणि हॅडवे यांची तुलनाच काय करता राव! सूर्य कुठे, काजवा कुठे!"

सूर्य माझा बाप. काजवा माझा नवरा.

उंटावरचे शहाणे सगळे! यांतल्या एकाने तरी अठरा वर्षांच्या मुलाला शुक्रवारी संध्याकाळी रडताना पाहिलंय का? रॉइसने पाहिलंय. गेल्याच आठवड्यात.

शनिवार, २७ सप्टेंबर

जिंकलो. पाट्या नाहीत. रॉइस दोन वाट्या बनाना पुडिंग खाऊन खुर्चीतच झोपला.

रविवार, ५ ऑक्टोबर

हरलो. पुन्हा तेच – चौथी खेप!

इथे कागदावर तरी नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल. चार खेपांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. तीन खेपा वाया गेल्या की शहाणी माणसं चौथ्या खेपेला चेंडू लाथेने लांब धाडतात, संकट आपल्या दारापासून दूर राहावं म्हणून. जगभर असंच करतात. फक्त आमच्या हॅचरमध्ये चौथ्या खेपेला चाळीस हजार माणसं उठून उभी राहतात, डोक्यावरच्या टोप्या काढतात आणि ओरडतात, "टोपी काढा, कोच! टोपी काढा!"

कारण १९६६. पिअरसन टेक कॉलेजशी सामना, आपण दहा-सात मागे, चार मिनिटं उरलेली. चौथी खेप, अकरा यार्ड हवे. डॅडींची खूण ठरलेली होती – टोपी डोक्यावर असली तर लाथ, टोपी काढली तर लाथेचं नुसतं सोंग. डॅडींनी टोपी काढली. टॉमी लँगफोर्डने लाथ मारायच्या ऐवजी चेंडू काखेत घेतला आणि अडुसष्ट यार्ड धूम ठोकली. चौदा-दहा. त्या वर्षी एकही हार नाही. अलाबामातल्या आमच्या या कोपऱ्यात तेव्हापासून ख्रिसमसनंतर तोच सण.

मी दहा वर्षांची होते. त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं होतं, "डॅडी, तुम्हाला भीती नाही वाटली?" त्यांनी मम्मीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही, बेटा." त्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं. कुठेही नवीन घर, नवीन गाव, रॉइसची नवीन नोकरी – सात वेळा सामान बांधलं – मी मनात म्हणायचे, टार्पलीची पोर आहे मी, टार्पली घाबरत नाहीत.

काल रॉइसने टोपी काढली नाही. लाथ मारायला लावली. चाळीस हजार माणसांनी हुर्यो केली. माझ्या शेजारची बाई मला ओळखत होती, तरी केली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

टॉमी लँगफोर्ड घरी आला होता. आता केस गेलेत, गाड्यांचं दुकान जोरात. सोफ्यावर बसून गोड चहा प्यायला आणि म्हणाला, "मिस नेल, कोच टार्पलींचा पुतळा उभारतोय. ब्रॉन्झचा. हातात टोपी. पिअरसन टेकच्या सामन्याआधी, बावीस नोव्हेंबरला उघडायचा. पडदा तुम्ही ओढायचा, दोन शब्द तुम्ही बोलायचे."

रॉइस आतून आला. टॉमीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुतळ्याकडे बघून तरी चौथ्या खेपेला जोर येईल, काय कोच?"

रॉइस म्हणाला, "येईल की." एवढंच!

टॉमी गेल्यावर मी म्हटलं, तू त्याला उत्तर का देत नाहीस? तर म्हणे, "त्याचा जन्मातला एकच दिवस आहे तो, नेल. कशाला हात लावायचा?" मला राग आला. साधूपणा सुद्धा किती असावा!

रविवार, १२ ऑक्टोबर

पाट्या सहा. एकीवर लिहिलंय, 'सासऱ्याला बोलवा.'

सासरा चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याला चमचा कुठल्या हातात धरायचा हे आठवत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डॅडींकडे गेले होते. वृद्धाश्रमातल्या पोर्चवर ऑडेल त्यांना उकडलेल्या शेंगा सोलून देत होती. ऑडेल अकरा वर्षं तिथे नर्स आहे. डॅडी एरवी कुणाचं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात. मला त्यांनी कोरा म्हणून हाक मारली. कोरा माझी मम्मी. जाऊन नऊ वर्षं झाली.

मी ऑडेलपाशी मन मोकळं केलं. रेडिओवर काय काय बोलतात ते सांगितलं. डॅडींच्या काळी एकशे वीस पोरं हाताशी असायची. आता शिष्यवृत्त्या मोजक्या. डॅडी ऑगस्टच्या उन्हात पाणी सुद्धा पिऊ देत नसत, मिठाच्या गोळ्या द्यायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. आज रॉइसने तसं केलं तर तुरुंगात जाईल. मग तराजू लावायचा कसा?

ऑडेल शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "मिस नेल, राग मानू नका. सहासष्ट साली या गावात सगळ्यात जोरात पळणारा पोरगा माझा भाऊ होता. अल्विन. तुमच्या लँगफोर्डला उलटा पळून हरवला असता. काळा म्हणून त्याला कुंपणाबाहेरून बघायची परवानगी होती, आत यायची नव्हती. पिअरसनमध्ये पण तेच. अर्धी पोरं शर्यतीतच नव्हती हो! मग पहिला कोण आला, हे मी कसं सांगू?"

डॅडींनी माझ्यापुढे एक शेंग धरली. मी ती घेतली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रॉइसची पँट कमरेवर राहत नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलं, खिळ्याने.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

पोर्चवर बसलो होतो. ऊन कडक. एक गांधीलमाशी डॅडींच्या टोपीभोवती घिरट्या घालायला लागली. ऑडेल आत गेली होती. मी हात उडवला, ती टोपीवरच बसली. डॅडींनी झटक्यात टोपी काढली, मांडीवर आपटली आणि हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी! म्हणाले, "कोरा, पुन्हा तीच बघ! त्या दिवशी टोपीत शिरली आणि त्या येड्या लँगफोर्डने पळत सुटावं? मी बोंबलतोय लाथ मार, लाथ मार – आणि तो निघाला पळत!" मग कानामागे हात लावून म्हणाले, "तंबाखू आण. फार झोंबतंय."

मला वाटलं भ्रम आहे. गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि आठवलं. मम्मी. त्या संध्याकाळी, जेवणाआधी. ती सिंकपाशी उभी राहून तंबाखू ओली करत होती आणि डॅडींच्या कानामागे लावत होती – दंशावरचं तिचं औषध. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, जा, हात धू."

घरी येऊन जुना फोटो शोधला. खांद्यावर उचलून घेतलेला, सगळ्या वर्तमानपत्रांत आलेला. भिंतीवर सदतीस वर्षं बघतेय मी तो. डावा कान उजव्याच्या दीडपट आहे.

खूण नव्हतीच. माशी होती!

बुधवार, २२ ऑक्टोबर

डॅडींनी टोपी काढून अख्ख्या गावाला टोपी घातली. सकाळी हे सुचलं आणि एकटीच हसले, मग रडले.

म्हणजे डॅडींनी लाथ मारायलाच सांगितलं होतं. रॉइस दर शनिवारी जे करतो आणि शिव्या खातो, तेच! मला फक्त तोंड उघडायचंय. एक वाक्य. गाव हादरेल, पण रॉइसच्या मानगुटीवर बसलेलं ते भूत उतरेल. कॉलेजच्या विश्वस्तांची बैठक चोवीस नोव्हेंबरला आहे. पिअरसनला हरलो तर हाकलतील, हे डूली सुद्धा उघड बोलतो.

पण बोलले तर डॅडींचं काय उरतं? अडीचशे सामने काढले त्यांनी. लोक एकाच दिवसाची पूजा करतात. तो दिवस गेला तर सगळंच जाईल. आणि ते स्वतःची बाजू मांडायच्या अवस्थेत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींना माझ्याच माणसांची नावं.

रॉइसला सांगितलं नाही. तो म्हणेल, गप्प राहा. मला गप्प राहायचं नसेल तर?

रविवार, २ नोव्हेंबर

पाच हारी... नाही, सहा. मोजायचं सोडलंय. पाट्या ठेवायला गॅरेजात जागा नाही, गाडी बाहेर लावते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज मी काय केलं! डूलीला फोन केला.

सोळा मिनिटं थांबवून ठेवलं. मग एकदम, "बोला ताई, कुठून बोलताय?" मी आवाज जाड करून म्हटलं, "हॅचरमधूनच. मला एक विचारायचं होतं. सहासष्ट साली टोपी काढली ती खूण होती, असं कोच टार्पली स्वतः कधी म्हणालेत का?"

डूली म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे टोपी माणूस इतर कारणानेही काढतो. घाम येतो. माशी येते."

डूली हसत सुटला. त्याच्या मागे बसलेलेही हसले. "माशी! ऐकलंत का मंडळी! ताई, तुम्ही पिअरसनच्या दिसता. तिकडे चौथ्या खेपेला डोकं खाजवतात म्हणे!" आणि फोन बंद. नंतर पाऊण तास लोक फोन करून माशीचे विनोद सांगत होते. एकाने तर गुणगुणून दाखवलं.

रॉइस संध्याकाळी आला. म्हणाला, "आज रेडिओवर कुणी बाई होती म्हणे." मी कांदा चिरत होते. म्हटलं, असेल. त्याने एक कांदा सोलून माझ्यापुढे ठेवला. मग हात धुवायला गेला.

खरं सांगितलं तरी ते कुणाला नकोच आहे! मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे म्हैस जिवंत आहे, तरी दुधाला पूर आलाय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

इमोजीन प्रूइट ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल घेऊन आल्या. चर्चमधल्या. वर चांदीचा कागद, खाली भांड्याला स्वतःच्या नावाची चिकटपट्टी. हे भांडं त्या फक्त मयताच्या घरी पाठवतात. मी म्हटलं, "मिस इमोजीन, आमच्याकडे कुणी गेलं नाही."

"माहीत आहे गं राणी. पण शनिवारनंतर मला वेळ नाही. मोठ्या सुनेचं बाळंतपण आहे."

दार लावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसले. देवा, मला आठव्यांदा खोकी बांधायची नाहीत. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. हे माझं गाव आहे, इथे मी सायकल शिकले. माझ्याच गावातून माझ्याच बापाच्या नावाने मला हाकलणार!

ठरलं. शनिवारी माईक माझ्या हातात असेल. सांगून टाकणार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

भाषण लिहिलं. सहा ओळी. पाठ केलं. 'माझे वडील थोर कोच होते. पण त्या दिवशी त्यांनी लाथ मारायला सांगितलं होतं. माझा नवरा जे करतो, तेच.' आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

डॅडींना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. ऑडेलने त्यांना टाय बांधला होता, डोक्यावर टोपी. मी पडदा ओढला. ब्रॉन्झचे डॅडी, उंच, हातात टोपी. सगळं हुबेहूब, माशी तेवढी केली नव्हती. आणि चाळीस हजार माणसांनी एकदम टोप्या काढल्या. आवाज नाही, काही नाही. डॅडींनी आजूबाजूला बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सगळे काढताहेत म्हणून त्यांनीही हळूच आपली टोपी काढली आणि छातीशी धरली. लहान मूल प्रार्थनेला उभं राहतं, तसे. माझ्याकडे बघून हसले.

माईकमध्ये मी म्हटलं, "थँक यू." आणखी काय म्हटलं असतं?

शेवटची सहा मिनिटं. सतरा-चौदा मागे. चौथी खेप, नऊ यार्ड हवे. पुन्हा सगळ्या टोप्या निघाल्या. "टोपी काढा, कोच!" माझ्या पायाखालचं लाकूड हलत होतं. रॉइसने एकदा वळून डॅडींकडे पाहिलं. कशासाठी, मला कळलं नाही. मग टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि लाथ मारायला लावली.

बरोबरच होतं ते! चेंडू त्यांच्या अगदी दाराशी जाऊन पडला, आमच्या पोरांनी त्यांना हलू दिलं नाही, चेंडू परत मिळाला. आणि मग आमच्याच पोराच्या हातातून तो निसटला. संपलं.

कुणीतरी रॉइसच्या अंगावर पेप्सी फेकली. तो पिअरसनच्या कोचशी हात मिळवायला तसाच गेला, ओला.

डॅडींनीही तेच केलं असतं. डॅडींनी तेच केलं होतं! हे मला माहीत होतं, आणि मी थँक यू म्हणाले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काढलं. बैठक अकरा मिनिटं चालली.

डूलीने संध्याकाळी एक मिनिट शांतता पाळली – थट्टेने.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. दोघंच. टर्की आणली नाही. फ्रीझरमधलं मिस इमोजीनचं कॅसरोल खाल्लं. रॉइसने प्रार्थना म्हटली – पोरांसाठी, डॅडींसाठी, ज्याच्या हातातून चेंडू निसटला त्याच्यासाठी नाव घेऊन.

जेवण झाल्यावर मी गॅरेजात गेले, चांगल्या अक्षराची पाटी निवडली आणि अंगणात स्वतःच्या हाताने रोवली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

खोकी बांधताना भिंतीवरचा तो फोटो उतरवला आणि मला राहवेना. रॉइसला सगळं सांगितलं. कान, तंबाखू, पोर्च, रेडिओवरची बाई मीच होते ते, आणि माईक हातात असून मी तोंड उघडलं नाही ते. म्हटलं, मला माफ कर.

तो फोटोला वर्तमानपत्र गुंडाळत होता. थांबला नाही.

"मला माहीत आहे, नेल. वीस वर्षं. तुझा हात मागायला आलो तेव्हा तुझे डॅडी मला मासे धरायला घेऊन गेले होते ना, तिथे सांगितलं."

"मग बोलला का नाहीस? एवढ्या शिव्या खाल्ल्यास!"

"शब्द दिला होता." त्याने दोरीला गाठ मारली. "म्हणाले, गावाला कळलं तर कळू दे. फक्त नेलला नको."